हूं की चूं केलं नाही

अक्कांच्या शोकसभेत सात जण बोलले. सहा पुरुष आणि महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई. बस्तीच्या मागच्या सभागृहात सतरंजीवर बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, पुढं टेबलावर हार घातलेला फोटो. सातही जणांच्या बोलण्यात एक वाक्य ठरवल्यासारखं आलं: एवढं दुखणं झालं, पण बाईनं हूं की चूं केलं नाही. एक वक्ते तर त्याच्याही पुढं गेले. म्हणाले, ऐन पर्वात, पूजेला बसता बसता देह ठेवला, म्हणजे एका अर्थी हे समाधीमरणच. बायकांनी पदर डोळ्याला लावले. मीही लावला, पण मला रडू येत नव्हतं, राग येत होता.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. चिकोडीच्या बाजूच्या आमच्या गावात चाळीस वर्षं त्यांनी घर ओढलं. त्या कशानं गेल्या, ते त्या सभेत एकानंही सांगितलं नाही. मी सांगते. त्या पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांनी गेल्या. फोटोला हार घालून हे वाक्य म्हणता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

घडलं ते असं. भाद्रपद लागला होता, पाऊस तुटत नव्हता. पर्वाच्या आधी उरलीसुरली भांगलण उरकायची म्हणून अक्का दोन दिवस उसात चिखलात उभ्या होत्या. बोटांच्या बेचक्यात चिखल्या तर दर पावसाळ्यात असायच्याच. त्यात उसाच्या पातीनं नडगीला कापलं. पंचमीला दशलक्षण सुरू झालं. अक्कांनी दहा दिवसांचं एकाशन धरलं आणि साखरेची गोळी बंद केली, कारण “उपासात गोळ्या कशाला.” सप्तमीच्या रात्री हुडहुडी भरली. घरचे म्हणाले, उपासानं गारठा चढला. नवमीला नडगीवर हाताच्या पंजाएवढी लाली आणि ठणका. शेजारच्या आजींनी बघून सांगितलं, धावरं आहे, आणि गेरू उगाळून जाड लेप लावला. एकादशीला, उत्तम तपाच्या दिवशी, त्या लेपाखाली फोड आलेला पाय लुगड्यात झाकून त्या तीन तास पूजेला बसल्या. द्वादशीला धाकट्या सुनेनं न्हाणीत लेप धुतला आणि ती किंचाळली. गुडघ्यापर्यंत पाय जांभळा पडला होता.

चिकोडीला नेलं, तिथून बेळगावला पाठवलं. रात्रीच चीरफाड केली. कातड्याच्या आतल्या थरापर्यंत सगळं सडत गेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, “हे कधीपासून आहे?” दारात आम्ही नऊ माणसं उभी होतो. कुणालाच सांगता आलं नाही. पौर्णिमेच्या पहाटे अक्का गेल्या.

आता मला सांगा, यात समाधी कुठं आली?

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं मराठी शाळेत पोरं शिकवली, एवढीच माझी पदवी. पण त्या पौर्णिमेनंतर मी स्वस्थ बसले नाही. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडं जाऊन बसले, नातवाची पुस्तकं चाळली, समजेपर्यंत विचारलं. आणि जे समजलं त्यानं राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला, कारण ते इतकं साधं निघालं.

धावरं म्हणजे काही दैवी कोप नाही. कातडीला कुठंतरी फट पडते, तिच्यातून जंतू आत शिरतात आणि आतल्या मऊ थरात पसरतात. आपल्या आज्या ज्याला धावरं म्हणायच्या, त्यात डॉक्टरांचे दोन आजार येतात, एक वरच्या थरातला आणि एक खोलवरचा. खोलवरच्याला ते सेल्युलायटिस म्हणतात. नाव आपल्याच बायांनी किती नेमकं ठेवलंय बघा. धावतं ते धावरं. धावतं हे त्यांना माहीत होतं. फक्त त्याच्या आधी पोचण्याचं औषध त्यांच्याकडं नव्हतं.

जंतूंच्या दोन जाती यात मुख्य. एकीचं नाव स्टॅफिलोकॉकस. गळवाच्या पुवात हे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली घोसानं दिसले, म्हणून ऑग्स्टन नावाच्या स्कॉटिश सर्जननं १८८० च्या सुमाराला त्यांना ग्रीक भाषेतलं द्राक्षांच्या घोसाचं नाव दिलं. आपल्या भागातल्या बायकांना द्राक्षाचा घोस काय समजावून सांगायचा? दुसरी जात स्ट्रेप्टोकॉकस, ती साखळीनं राहते. गळू, केसतूड, काखमांजरी ही बहुतेक पहिलीची कामं. पुवाशिवाय सरसर पसरणारी लाली बहुतेक दुसरीची. दोन्ही जाती आपल्या अंगावर, नाकात, घशात एरवीही असू शकतात. फट मिळेपर्यंत गप्प असतात. चिखल्या ही फट. टाचेची भेग ही फट. खाजवून काढलेली खपली, विळीचा काप, उसाच्या पातीचा ओरखडा, सगळ्या फटीच.

ओळखायचं कसं? एकच पाय, किंवा एकच हात. लाल, गरम, सुजलेला, दुखणारा, आणि कड रोज पुढं सरकणारी. दोन्ही पाय सारखेच लाल आणि सारखेच सुजलेले असतील तर बहुधा कारण दुसरं असतं, दाखवायचं ते तरीही दाखवायचंच. आणि लाल लाल म्हणतात त्यावर फार विसंबू नका. ती वर्णनं गोऱ्या कातडीवरून लिहिलेली. आपल्या सावळ्या कातडीवर लाली जांभळट दिसते, काळपट दिसते, कधी दिसतच नाही, नुसती कातडी ताणून चकचकीत होते. म्हणून हाताची मागची बाजू आधी चांगल्या पायाला लावा, मग दुखऱ्या पायाला. ऊन लागलं की समजलं. जांघेत किंवा काखेत गाठ आली, हुडहुडी भरून ताप आला, तर वाट बघायची नाही. कमरेवर किंवा छातीवर एकाच बाजूला पट्ट्यानं बारीक पाण्याचे फोड आले तर ती नागीण, तिचा विषाणू निराळा आणि औषधही निराळं. तिच्यावरही मंत्र घालत बसू नका, तिचं औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं.

गेरूच्या लेपावर माझा विशेष राग आहे. लेपानं जंतू मरत नाहीत हे सोडून द्या, लेप कड झाकतो. जी एक गोष्ट रोज बघायला पाहिजे, तीच झाकतो. गेरू, हळद-चुना, काळी माती, आणि आमच्या निपाणीकडच्या घरांत तर ओल्या जखमेवर तंबाखूची चिमूट दाबायची रीत. तंबाखू विकून घरं उभी राहिली, म्हणून ती औषध होत नाही. त्या जागी बॉलपेन घ्या. लालीच्या कडेकडेनं रेघ ओढा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. दोन रुपयांचं पेन. रेघेच्या बाहेर लाली गेली की डॉक्टरांकडं, आणि “कधीपासून?” या प्रश्नाचं उत्तर पायावरच लिहिलेलं. औषध सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत कड थोडी पुढं जाऊही शकते, तेवढ्यानं औषध बदलायची घाई नको. पण ताप आणि ठणका वाढतोय, तर त्याच दिवशी परत जायचं. आणि पाय वर. उशी, गाठोडं, काहीही घालून पाय उंच ठेवून पडून राहायचं. हा उपचाराचाच भाग आहे, आणि बायकांकडून नेमका हाच होत नाही. गोळी घेऊन बाई परत चुलीपुढं उभी.

आता धर्माचं बोलू. कारण मला माहीत आहे, इथंवर वाचून माझ्या कितीतरी भगिनी मनात म्हणत असतील, हे ठीक आहे, पण सहन करणं ही तपश्चर्या आहे, ते तरी खोटं म्हणू नका.

मी ते खोटं म्हणत नाही. नीट वाचा एवढंच म्हणते. बावीस परीषहांत रोग हा एक परीषह आहे, हे आम्ही लहानपणापासून पाठ केलंय. पण परीषह कुणासाठी सांगितले? ज्यानं घर सोडलं, वस्त्र सोडलं, महाव्रतं घेतली, त्या मुनींसाठी. अक्कांनी घर सोडलं नव्हतं. सकाळी पाचला उठून चौदा माणसांच्या भाकरी थापत होत्या. कायक्लेश हे बाह्य तपांतलं एक तप आहे, खरं. पण तप म्हणजे जाणून, ठरवून, अंगावर घेतलेली गोष्ट. लेपाखाली काय चाललंय हेच जिला माहीत नाही, तिनं काय अंगावर घेतलं? आणि आतल्या सहा तपांत वैयावृत्त्य आहे, त्याची आठवण सभेत एकाही वक्त्याला कशी झाली नाही? आजाऱ्याची सेवा हे तप आहे. ते घरातल्या नऊ माणसांनी करायचं होतं. आम्ही आमचं तप चुकवलं आणि अक्कांच्या नावावर दुसरंच तप लिहून मोकळे झालो.

समाधीमरणाचं तर बोलूच नये असं ते वाक्य होतं. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेचे प्रसंग मोजून सांगितलेत: उपसर्ग, दुष्काळ, म्हातारपण, आणि ज्याला इलाज नाही असा रोग. इलाज नाही असा! आचार्यांनी ती अट घातली ती उगीच नाही. अक्कांच्या रोगाला इलाज होता. नवमीला होता, चिकोडीच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात, काही शे रुपयांत. त्या मरणाला समाधी म्हणणं हा सल्लेखनेचा अपमान आहे आणि अक्कांचाही.

दुसरं म्हणणं येतं जीवहिंसेचं. अँटिबायोटिकनं कोट्यवधी जीव मरतात, ते पाप कुणाच्या माथी? हे मला एका शिकलेल्या बाईनं विचारलंय, म्हणून हसण्यावारी नेत नाही. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. आरंभी, उद्योगी, विरोधी हिंसा गृहस्थाकडून पूर्ण सुटत नाही, हे शास्त्रानंच मान्य केलंय. शेत नांगरताना, पाणी तापवताना, घर झाडताना जे होतं ते आपण जाणतो, जपून करतो, प्रतिक्रमण करतो. पण पायात शिरून बाईला मारणाऱ्या जंतूंपुरतीच ज्यांची अहिंसा जागी होते, त्यांना मी विचारते, पंचेंद्रिय, मन असलेला मनुष्यजीव तुमच्या डोळ्यादेखत गेला, तो कुठल्या खात्यात? चार दानांत औषधदान आहे. औषध पाप असतं तर त्याचं दान पुण्य कसं झालं असतं?

तिसरी अडचण मात्र खरी आहे आणि तिला डॉक्टर लोक हसतात, ते चूक आहे. कॅप्सूलचं वरचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं. आमच्या कितीतरी बाया कॅप्सूल घरी आणतात, कुणाला न सांगता परसात टाकतात. आणि रात्रीभोजनत्याग असलेली बाई सहा-सहा तासांनी सांगितलेल्या गोळीतली रात्रीची गोळी गुपचूप वगळते. डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडेना, मग ते आणखी जोराचं औषध लिहितात. यावर उपाय आहे. तोंड उघडायचं. “मला कॅप्सूल चालत नाही, गोळी किंवा पातळ औषध द्या. मी सूर्यास्तानंतर घेत नाही, दिवसातून दोनदा घ्यायचं औषध चालेल का?” एवढं म्हणायचं. बऱ्याच वेळा तशी सोय असते. सकाळी सूर्योदयाला एक आणि संध्याकाळी सूर्यास्ताआधी एक, बारा तासांचं अंतर आपोआप पडतं. आणि जिथं तशी सोय नाही, जिथं सुईतूनच औषध द्यावं लागतं, तिथं नियमाला आगार ठेवता येतो. आपल्या गुरूंना, माताजींना विचारा. मी एका चातुर्मासात एका माताजींना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “नियम तू घेतलास, तो तुला मारायला नाही घेतलास.” साखर असलेल्या बाईनं उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारावं आणि गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये, हे मात्र कुणाला विचारायचीही गरज नाही.

आपल्या आज्या सोसायच्या, कारण त्यांना दुसरा मार्ग नव्हता. हे विसरून आपण त्यांच्या सोसण्याचं देव्हाऱ्यात काय मांडतो? पेनिसिलिनचं इंजेक्शन उपचार म्हणून पहिल्यांदा दिलेला रोगी कोण होता ठाऊक आहे? इंग्लंडमधला अल्बर्ट अलेक्झांडर नावाचा पोलीस. त्याच्या तोंडावरच्या संसर्गानं डोळा गेला होता, गळवं फुप्फुसापर्यंत पोचली होती. १२ फेब्रुवारी १९४१ ला औषध सुरू केलं आणि माणूस सुधारायला लागला. पण औषधच संपलं. त्याच्या लघवीतून परत काढून काढून दिलं, तेही पुरलं नाही. १५ मार्चला तो गेला. त्या औषधाची बुरशी भांड्याभांड्यांत वाढवायला तरुण मुली कामाला होत्या, आणि पुढं रोग्यांवरच्या चाचण्या एथेल फ्लोरी नावाच्या डॉक्टरबाईंनी चालवल्या. तो पोलीस औषध पुरलं नाही म्हणून मेला. आमच्या अक्का औषध मागितलं नाही म्हणून मेल्या. पाऊणशे वर्षांचं अंतर मध्ये आहे, आणि आपण सभेत टाळ्या कशाला वाजवतो तर न मागण्याला.

त्याच घरातली दुसरी गोष्ट सांगते, म्हणजे मी कशावर चिडले आहे ते नीट कळेल. अक्का गेल्या त्याच्या आदल्या वर्षी थोरल्या दिरांच्या मानेवर गळू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली, कोल्हापूर गाठलं, चिरून पू काढला, पट्ट्या झाल्या, रक्तातली साखर तपासली. आठ दिवस खाटेवर बसून होते, आणि गावातलं प्रत्येक माणूस बघायला येऊन गेलं. योग्यच झालं. गळू असंच हाताळायचं असतं. पू धरला असेल तर तो निघायलाच लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. घरात फार तर ऊन पाण्याच्या कापडानं शेकायचं. पिळायचं नाही, सुई तापवून टोचायचं नाही, आणि नाकाजवळ किंवा वरच्या ओठावर असेल तर हातही लावायचा नाही. पण त्या आठ दिवसांत खाटेपाशी कण्हणं ऐकू आलं तेव्हा कुणी म्हटलं नाही की पुरुषानं सोसावं. दिरांचं कण्हणं आजार होता. अक्कांचं न कण्हणं धर्म होता.

आणि जागेची लाज! काखमांजरी, जांघेतलं बेंड, मांडीच्या आतलं गळू, छातीखालच्या घडीतली लाली. दाखवायचं कुणाला? माझ्या पहिल्या बाळंतपणात थान पिकलं. दगडासारखं झालं होतं, ताप एकशे तीन. सासूबाईंनी दृष्ट काढली आणि त्या बाजूनं बाळाला पाजायचं बंद केलं. दूध तुंबलं, आत पू झाला, आपोआप फुटला. खूण अजून आहे. पुढं कळलं की थान सुजलं तरी पाजणं थांबवायचं नसतं, त्यानं बाळाला अपाय होत नाही, आणि पू धरला तर डॉक्टर सुईनं ओढून किंवा बारीक चीर देऊन काढतात. ही गोष्ट मी माझ्या आईलाही तेव्हा सांगितली नव्हती. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नसेल तर बाईडॉक्टर शोधा, सोबत सुनेला न्या, नर्सला उभं करा. पण दाखवा. लाजेनं झाकलेलं गळू लाजत नाही.

दाखवायला गेलं नाही की बाई औषधाच्या दुकानात जाते, तेही पोराला पाठवून. “खाज-जळजळीची ट्यूब दे.” दुकानदार देतो ती ट्यूब बहुतेक तीन-चार औषधांची खिचडी असते, आणि तिच्यात स्टेरॉइड असतं. लावलं की दोन दिवस बरं वाटतं, लाली उतरते, कारण स्टेरॉइड लाली दाबतं. खालचा जंतू किंवा नायटा आरामात वाढतो. अशी कितीतरी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारनं २०१८ मध्ये केला. आमच्या बाजारात कुणाला चिठ्ठी मागितलेली मी बघितली नाही. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेणं हाही त्याच जातीचा उद्योग. अर्धवट, चुकीच्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात. साध्या धावऱ्याला पुष्कळदा पाच दिवसांचं औषध पुरतं, कुणाला जास्त लागतं. किती ते डॉक्टर ठरवतील. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी डबीत ठेवून द्यायचं नाही.

पोरांचं थोडक्यात. नाकाखाली, तोंडाभोवती, हातापायावर फोड येऊन त्यावर काकवी वाळल्यासारख्या पिवळट खपल्या धरल्या, तर तोही जंतूचाच संसर्ग, हात लागून पसरणारा. टॉवेल, उशी वेगळी, नखं कापलेली. अंगाला रात्री फार खाज असेल तर मूळ खरजेचं असतं, मग घरातल्या सगळ्यांचं औषध एकदम करावं लागतं. आणि हे बरं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पोराचं तोंड सुजलं किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली तर तडक दवाखाना. ते मूत्रपिंडावर गेलेलं असू शकतं. ज्या बाईला वर्षातून तीनदा गळू येतं तिनं साखर तपासावी. हे मी तुमच्या पाया पडून सांगते.

आणि ज्या खुणा आमच्या घरात कुणाला वाचता आल्या नाहीत, त्या लिहून ठेवते. दिसतं त्याच्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त असेल. कातडी जांभळी, काळी पडत असेल, मोठे फोड येत असतील. आधी असह्य दुखणारी जागा एकदम बधिर झाली असेल. दाबल्यावर आत चुरचुर लागत असेल. श्वास भरभर चालत असेल, बाई असंबद्ध बोलत असेल, लघवी कमी झाली असेल. डोळ्याभोवती सूज चढत असेल. यात दिवस मोजायचे नाहीत, तास मोजायचे. लहान दवाखान्यातही थांबायचं नाही, जिथं रात्री ऑपरेशन होतं तिथं न्यायचं. घरचा कर्ता शेतातून यायची वाट बघायची नाही. पैसे कुणाकडं मागायचे हा प्रश्न असेल तर महिला मंडळाच्या भिशीतून घ्या. आपल्याच पैशाची भिशी आहे, स्टीलच्या डब्यांसाठी पुरते तर गाडीभाड्याला का पुरू नये?

गेल्या वर्षी पर्वाच्या आधी मी विश्वस्त मंडळाला पत्र दिलं. मागण्या तीनच होत्या. दशलक्षणात एके दिवशी प्रवचनानंतर बाईडॉक्टरला दहा मिनिटं बोलू द्यावं. साखर असलेल्या उपासकरी बायांची नावं मंडळानं लिहून घ्यावीत आणि रोज त्यांची चौकशी करावी. औषधदानाच्या पेटीतले पैसे संगमरवरी पाटीऐवजी औषधावर खर्चावेत. निरोप आला, की विषय चांगला आहे, पण बस्तीत पाय-बीय दाखवण्याचं बोलणं बरं दिसत नाही.

म्हणून आम्ही चौघीजणी बाहेरच्या कट्ट्यावर बसलो, पादत्राणं काढतात तिथं. बादलीभर पाणी, कोरडी फडकी, आणि माझ्या पिशवीत बॉलपेनांचा पुडा. चिखल्या धुऊन नुसतं उपयोग नाही, बेचकं कोरडं करायला लागतं आणि बुरशीचं मलम लावायला लागतं, एवढंच सांगत होतो. पहिल्या दिवशी तिघी थांबल्या. पाचव्या दिवशी रांग होती. निम्म्याहून जास्त बायांच्या बोटांत फटी होत्या, आणि एकीच्या घोट्यावर लाली होती, ऊन लागणारी. मी रेघ ओढली, वेळ लिहिली, सकाळचे साडेदहा. ती म्हणाली, “पर्व झाल्यावर जाते की, काकू.” अक्कांच्या सुनेनं तिची पिशवी उचलली, तिच्या हाताला धरलं आणि समोरच्या रिक्षात बसवलं. त्या दिवशी आम्हा दोघींची पूजा चुकली.

यंदाचं पत्र आषाढातच दिलंय. अजून उत्तर नाही.